लसणात दम न्हाय

जळकोटात राहिलेल्या आणि माझ्यासारख्या पुण्याला पळालेल्या तमाम मंडळींना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं, की आमच्या आईच्या आमटीनं परवा आमचं घर उडवायचं ठरवलं होतं. हसू नका. मीही आधी हसतच होतो.

गाव सोडलं त्या दिवशी लोकांना आशीर्वाद मिळतात तसे मलाही मिळतील म्हणून वाकलो, तर हातात काळ्या तिखटाची पिशवी आली. एसटी हलली तरी आई खिडकी धरून चालत होती. "घड्याळ बघू नको. लसणाचा वास सुटला की तिखट टाक, मग डाळ वत." त्या दिवशी अख्खी एसटी आमटी शिकली.

आता मला टक्कल पडलंय, फ्लॅटमध्ये चिमणी बसवलीय. पण ऑफिसातून आलो की तीच तुरीची डाळ, तेच तिखट. बाबा गेल्यापासून आई एकटीच, म्हणून व्हिडिओ कॉल लावून दोघं एकदमच फोडणी देतो.

मागं तिला मोठी सर्दी झाली. त्यानंतर "वास सुटला की" जाऊन "लाल दिसला की" आलं. शिवाय बाजारातल्या लसूणवालीचा रोज उद्धार. लसणात दम न्हाय, बाई माती विकती. दर बाजारी तिच्याशी भांडून यायची. मी त्या भांडणाच्या नकला करून बायकोला हसवायचो. हसताना काहीतरी टोचायचं. काय, ते कळत नव्हतं.

परवा डाळ ओतून, फोन डब्याला टेकवून ती परसात कोथिंबीर आणायला गेली. पडद्यावर आमटी फुगली, उतू गेली. शेगडी चरचरली आणि निळी ज्योत विझली. मी ओरडलो. परसात कोण ऐकतंय? बायको शेजारच्या काकूंना फोन लावत होती, नुसती रिंग वाजत होती. इकडं माझा लसूण करपला, त्याचा वास घरभर. तिकडं काय पसरत होतं, ते मला दिसतही नव्हतं.

आई आली. वाकून बघितलं. "इझला वाटतं," म्हणाली आणि अगदी शांतपणे काडेपेटी उचलली.

"आई, काडी ओढू नको. गॅस सुटलाय. बटण बंद कर, दार उघड, भाईर हो."

"वास कुठाय?" असं म्हणत, माझ्या वेडेपणावर हसत का होईना, तिनं ऐकलं आणि फोन घेऊन अंगणात आली.

घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर पूर्वी मी गावाचं लांबलचक वर्णन करायचो. आता एवढंच सांगतो: जिथला वास इतक्या लांबून मला घ्यावा लागतो, ते घर.

तोवर बायकोचे मिस्ड कॉल बघून काकू धावत आल्या. मी फोनवरून त्यांना त्यांच्या घरचा लसूण आणायला लावला. अंगणात ठेचून आईच्या नाकाशी धरला. काकूंनी नाक मुरडलं. आईनं हुंगला. परत हुंगला. मी धीराचे दोन शब्द जुळवत होतो, तेवढ्यात तिनं कपाळावर हात मारला.

"अगं बाई, म्हंजी त्या लसूणवालीला म्या उगंच शिव्या घातल्या!"