नागली शेवटी

जीप गतिरोधकावरून उडाली. आम्ही सगळे सीटवरून वीतभर वर गेलो आणि खाली आलो. बाकीचे खाली येऊन पुन्हा बोलायला लागले. आमचा म्हातारा खाली आला आणि बोललाच नाही. तोंड उघडं, डोळे समोरच्या बाईच्या पिशवीतल्या कोंबडीवर, आणि दोन्ही हातांनी माझं मनगट धरलेलं. लग्नाला पन्नासच्या वर वर्षं झाली, इतकं घट्ट त्याने ते कधी धरलं नव्हतं. मी आधी चिडलेच.

"काय झालं?"

"मोडलं."

"काय मोडलं?"

"मी," तो म्हणाला.

जीपमध्ये डॉक्टर सोडून सगळे वैद्य होते. एक म्हणाला गॅस आहे, दुसरा म्हणाला ओवा द्या, कोंबडीवाली म्हणाली, "बाय, पाठीला तेल लाव, नस चढली असेल." ड्रायव्हरने मागे न बघताच विचारलं, "काका, उतरणार का?" काकाला बसता येत नव्हतं, तो उतरणार कसा? त्याला तसाच मांडीवर आडवा घेऊन मी डहाणूपर्यंत आणला. प्रत्येक खड्ड्याला तो गुरासारखा हुंकारायचा आणि मी ड्रायव्हरला हळू म्हणायचे. ड्रायव्हर मोठ्याने गाणं लावायचा.

आम्ही तलासरीहून मुलीकडची सत्यनारायणाची पूजा करून येत होतो. म्हाताऱ्याने दोनदा शिरा घेतला होता आणि चार पुऱ्या. पुण्य भरपूर झालं होतं.

दवाखान्यात फोटो काढला. पाठीचा एक मणका वरून दाबलेल्या मडक्यासारखा बसला होता. डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची. तिने विचारलं, "आजोबा पडले होते का?"

"नाही, बसले होते," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्याला मुसळाने मारलंय. मग म्हणाली, बसल्या बसल्या मणका मोडतो म्हणजे हाडं आधीच पोकळ झालेली असणार, मोजून घ्या.

हाडं मोजायचं यंत्र गुजरातेत, वापीला होतं. पट्टा बांधलेला म्हातारा खुर्चीवर आणि कागद धरून मी शेजारी. नर्स बाहेर आली, तिने कागद घेतला आणि माझा दंड धरला. "बा, आवो, सूई जाव."

"मला झोपवू नका. याचं आहे."

"काकानुं?" ती म्हणाली आणि हसली. मागून सॉरी म्हणाली, पण हसली आधी.

मोजणी झाल्यावर माहितीचा कागद मिळाला. त्यावर चार चित्रं होती, चारही वाकलेल्या बायकांची. त्याने तो घडी करून खिशात घातला आणि घरी आल्यावर गादीखाली ठेवला. आजाराचं इंग्रजी नाव मात्र पाठ केलं. ऑस्टिओपोरोसिस. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला तो ते पूर्ण ऐकवायचा. नोकरीत शिपाई म्हणून लागला आणि शिपाई म्हणूनच सुटला, पण आजार साहेबाच्या दर्जाचा मिळाला होता. मग शेजारणीने विचारलं, "हा तर बायकांना होतो ना, काका?" त्या दिवसापासून तो नुसतं "पाठ धरली आहे" एवढंच सांगतो.

डॉक्टरणीला मात्र चैन पडेना. पुरुषाची हाडं अशी उगाच झिजत नाहीत, म्हणाली. पोटाचं विचारलं. पोटाचं काय सांगायचं? जेवण झालं की पोट फुगायचं, आठवड्यातून तीनदा परसाकडे धावायचा. ऑफिसात त्याची जागा दाराजवळ होती, ती याच सोयीने त्याने मागून घेतलेली. आम्ही घरात तो त्याचा स्वभाव समजत होतो. कुणी चिडका असतो, कुणी कंजूस, हा फुगायचा.

रक्त तपासलं, तोंडातून नळी घालून आत बघितलं. निघाला गहू. गव्हात ग्लूटेन म्हणून काहीतरी चिकट असतं, ते त्याच्या आतड्याला सोसत नाही. आतडं खरवडल्यासारखं होतं, मग दूध प्या, मासे खा, हाडांपर्यंत काही पोचतच नाही.

"गहू कायमचा बंद," ती म्हणाली. "चिमूटभरही नाही. आणि आजी, नीट ऐका. आता पुढचं हाड मोडलं तर ते बहुतेक खुब्याचं असेल. या वयात खुबा मोडला की माणूस खाटेवरून उठेलच असं नाही."

म्हातारा छताकडे बघत होता. ऐकलं त्याने.

आता हे चपातीचं प्रकरण सांगते. मी चिखल्याची. आमच्या घरी भात, नागलीची, म्हणजे तुमच्या नाचणीची भाकरी आणि मासे, सुके नाहीतर ओले. गहू म्हणजे दिवाळी. याला ऑफिसात नोकरी लागली आणि आठव्या दिवशी हा म्हणाला, "डब्यात भाकरी देऊ नकोस. नागलीची भाकरी काळी दिसते. साहेब लोक चपाती खातात." मी चपाती शिकले. पहाटे मासळीच्या पाट्या भरायच्या आधी याच्या चार चपात्या. पोरांनाही एकेक मिळायची. मला जमत नव्हती खायला, चावून चावून रबर. मी आपली भाकरी आणि भाजलेला बोंबील काट्यासकट खायची, डोक्यावर पाटी घेऊन डहाणूच्या बाजारात जायची. माझी हाडं कुणी मोजली नाहीत, पण परवा मी पायरीवरून घसरले तेव्हा पायरीचा टवका उडाला. आमच्या साहेबाने इतकी वर्षं चपाती खाऊन ही कमाई केली.

तर गहू बंद केला. पिठाचा डबा मुलीकडे पाठवला. रवा, शेवया, बिस्किटं, टोस्ट, सगळं गेलं. मासे रव्यात घोळवायचे ते तांदळाच्या रव्यात घोळवले. लोकांनी फार मदत केली. एका लग्नात व्याह्याने ताटात पुरी टाकली आणि म्हणाला, "एका पुरीने काय मरतोय?" मी ती पुरी उचलून व्याह्याच्याच ताटात ठेवली. पूजेचा शिरा नाकारला तर भटजी माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं, देवाला कळतं, तुम्हाला मी समजावते.

डॉक्टरणीला नागली फार आवडली. म्हणाली, हाडांना उत्तम, रोज द्या. मी रोज दिली, दोन्ही वेळा. तीन महिने झाले. म्हाताऱ्याचं पोट तसंच, वजन आणखी उतरलेलं, गळ्याची हाडं वर आलेली. रक्त पुन्हा तपासलं. डॉक्टरीण कागद बघत म्हणाली, "कुठून तरी गहू पोटात जातोय."

तिने त्याच्याकडे बघितलं. मीही बघितलं.

"मी काही खात नाही," तो म्हणाला.

मी त्याला सोडला नाही. खिसे तपासले, खोकल्याच्या गोळ्या निघाल्या. नाक्यावरच्या चहावाल्याला विचारलं, हा खारी खातो का. चहावाला म्हणाला, "मावशी, काका नुसता चहा घेतात आणि दुसऱ्यांच्या खारीकडे बघत बसतात." हे मी घरी येऊन त्याला ऐकवलं.

"बघण्यावर पण बंदी आहे का?" तो म्हणाला.

"बघूनच रक्तात गेला असेल."

"तू मला चोर ठरवलंस."

"मी नाही, रक्ताने ठरवलं."

मग तो बोलायचा बंद झाला. भाकरी ताटात तशीच ठेवायला लागला. मी म्हणायचे, खा, नागली हाडांची आहे. तो दोन घास खाऊन बाजूला सारायचा. खाटेवरून उठताना माझ्या खांद्याला धरायचा आणि मला त्याच्या हाताचं वजन लागायचं नाही. भरलेल्या पाटीपेक्षा किती कमी, हे माझ्या मानेला बरोबर कळत होतं. मी त्याच्यावर अधिकच ओरडत होते.

पुढच्या महिन्यात मी नागली दळायला गिरणीत गेले. आमच्या गिरणीचा नियम जुना आहे. नागली शेवटी. नागलीचं पीठ लालसर, ती आधी दळली की मागच्याच्या गव्हात रंग उतरतो आणि लोकांच्या चपात्या मळक्या दिसतात. म्हणून नागलीचे डबे भिंतीला लावून ठेवायचे, सगळ्यांचा गहू झाला की मग घ्यायचे. मी टेकून बसले होते. गहू संपला, गिरणीवाल्याने माझी नागली वर ओतली, खाली माझा डबा लावला. कापडी नळीतून पीठ पडायला लागलं.

पहिल्या दोन-तीन मुठी पांढऱ्या पडल्या. मग लाल.

हे मी जन्मभर बघत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला दिसलं. चार महिने रोज दोन वेळा मी त्याला गहू वाढत होते, स्वतःच्या हाताने, वर ओरडून. आणि ही नागली शेवटी ठेवायला तरी कुणी लावली होती? ऑफिसवाल्याच्या चपातीसाठी गहू आणायची तेव्हा मीच इथे उभी राहून पाड्यावरच्या बायकांना मागे सारायची. "तुमची नागली थांबेल, आमचा डबा साडेनऊच्या गाडीला जातो." त्या थांबायच्या. त्यांची नावंसुद्धा मी विचारली नाहीत.

मी गिरणीवाल्याला म्हणाले, "उद्यापासून माझी नागली पहिली."

"पहिली घेतली तरी कालचा गहू दगडात असतोच, मावशी."

"मग दगड धू."

"तुमच्या म्हाताऱ्यासाठी गिरणी धुवायची?" तो हसला. माणूस वाईट नाही. गिरणी धुता येत नाही, हे मलाही कळत होतं.

तो डबा मी शेजारणीला देऊन टाकला. तिचा नवरा दगड खाऊन पचवतो.

मागच्या पडवीत जातं होतं. त्याच्यावर कोंबड्यांची पाण्याची परात ठेवलेली. जात्यात कधी गहू पडला नव्हता, कारण ते चालायचं तेव्हा आमच्याकडे गहू नव्हता. दगड गुळगुळीत झालेला. जात्याला टाकी लावणारा माणूस आता आमच्याकडे कुणी राहिला नाही. मुलीच्या सासूने तलासरीच्या बाजारातून एकाला शोधला, त्याने येऊन छिन्नीने दगड पुन्हा खरखरीत करून दिला. नागली मुलीच्या सासरची, शेतावरून सरळ आलेली, गोणी नवी. मी दळायला बसले. सत्तरी उलटल्यावर जात्यावर बसायचं ज्यांना फार कौतुक आहे त्यांनी स्वतः बसून बघावं.

म्हातारा पट्टा बांधून खुर्चीवर बसला होता. त्याच्या मांडीवर मी ताट ठेवलं. "निवडा."

"काय झालं एकदम?"

सांगितलं. गिरणीचं, पांढऱ्या मुठींचं, सगळं.

त्याने ऐकून घेतलं. "म्हणजे चोर मी नव्हतो."

"नव्हता."

"मग तू काय म्हणशील आता?"

"निवडा म्हणेन."

त्याने निवडलं. इतकी वर्षं साहेबांच्या फायली उचलल्या, एकही वाचली नाही, ती सगळी हौस त्याने नागलीवर काढली. एकेक दाणा नखाने सरकवायचा. परका दाणा सापडला की तो वेगळा काढून मला बोलवायचा आणि विचारायचा, "हे काय आहे?" जसं मीच पेरलंय. मी बघून म्हणायचे, "वरीचा दाणा आहे, साहेब." रात्री मी त्याच्या ताटात बोंबलाचा मोठा तुकडा वाढला. त्याने तो बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि खाल्ला. आमच्यात एवढंच पुरतं.

पोट हळूहळू उतरलं. रक्त सुधारलं. वर्षाने वापीला पुन्हा हाडं मोजली, नर्सही तीच. या वेळी तिने बरोबर माणसाला झोपवलं. हाडं फारशी सुधारली नाहीत, पण आणखी बिघडलीही नाहीत. डॉक्टरीण म्हणाली, या वयात हे चांगलंच. औषध चालू आहे, गहू बंद आहे, खुबा अजून त्याचा त्याच्याच जागी आहे. उंची चार बोटं कमी झाली. लेंगे मी खालून दुमडून शिवले.

गेल्या महिन्यात पुन्हा तलासरीला गेलो, जीपनेच. परतताना त्या गतिरोधकाच्या अलीकडे म्हातारा ड्रायव्हरच्या खांद्यावर थापटून म्हणाला, "थांबव."

"काका, स्टॉप नाही इथे."

"थांबव, मला उतरायचंय."

जीप थांबली. तो काठी टेकत उतरला. गतिरोधक चालत चढला, चालत उतरला, पलीकडे जाऊन उभा राहिला आणि जीपला हात केला. मागून एकजण म्हणाला, "आता काय याच्यासाठी प्रत्येक ठिकाणी थांबायचं?" मी म्हणाले, "प्रत्येक ठिकाणी." जीप हळूच उडाली, आम्ही सगळे वर गेलो आणि खाली आलो. पलीकडे तो दार उघडायची वाट बघत उभा होता.

मणका मोडला तो त्याचा. चार महिने माझ्या हातचा गहू खाल्ला तो त्याने, आणि चोर म्हणून बोलणी खाल्ली तीही त्यानेच. मी शेजारी होते. तो आता शहात्तर वर्षांचा आहे, मी त्याहून तीन वर्षांनी लहान, आणि आम्ही दोघं चिखल्याला राहतो.