प्लाझ्मा काढून पाहिला तेव्हा

गेल्या गुरुवारी आमच्या दिल्लीच्या प्रयोगशाळेत माझ्या एका आलेखाचे चक्क कौतुक झाले... आणि तो आलेख चुकला आहे, हे फक्त मलाच ठाऊक होते.

माझे काम संगणकावरचे. प्रखर लेसरचा अगदी क्षणभराचा झोत प्लाझ्मातून, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि आयन सुटे झालेल्या तप्त वायूतून, जाताना तिथल्या इलेक्ट्रॉनांना ऊर्जा कशी देतो, हे मी गणिताने पाहते. माझ्या आलेखात ऊर्जा भरभरून मिळालेली दिसत होती आणि सोमवारी तो परिषदेच्या पोस्टरवर जाणार होता.

पण आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई उत्तराखाली ‘ताळा’ लिहिल्याशिवाय वहीच तपासत नसत. ती सवय सुटलेली नाही. म्हणून बुधवारी संध्याकाळी मी प्लाझ्मा काढून टाकला आणि निर्वातातला एकटा इलेक्ट्रॉन घेऊन तेच गणित चालवले. तिथे लेसरची लाट त्याला ढकलते खरी, पण ओलांडून जाताना दिलेली सगळी ऊर्जा परत घेते. उत्तर शून्य यायला हवे होते... आले नाही. झोत पूर्ण निघून जाण्याआधीच माझी मोजणी थांबत होती!

दोन वर्षांत मी बैठकीत आपणहून एक शब्द बोलले नव्हते. गुरुवारी आलेख पाहून आमचे मार्गदर्शक सर म्हणाले, “चलो, फायनल.” आणि माझ्या तोंडून निघाले, “सर, थांबा!” तेही मराठीत...

मानेसरहून येणारी आमची सीनियर भावनादीदी हसली. “अरे, ये बोलती भी है! बोल ना यार.”

मी फळ्यावर ताळा मांडला. सरांनी एकेक ओळ तपासली आणि ते म्हणाले, “अच्छा. अब प्लाझ्मा के साथ पूरा चलाओ.”

शुक्रवारी उत्तर आले. ऊर्जा पूर्वीपेक्षा बरीच कमी, पण शून्य नाही! प्लाझ्मातल्या आयनांच्या ओढीने इलेक्ट्रॉन आडवे हेलकावे घेतो. ते हेलकावे लेसरच्या तालाशी जुळले की लाटेला सगळी ऊर्जा परत नेता येत नाही. थोडी इलेक्ट्रॉनपाशी राहतेच...

पोस्टरवर आता बुटका आलेख आहे आणि शेजारी ताळ्याचाही. काल दीदी लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आली. “सुन, मेरा भी वो ताळा कर दे.”

बाई, उत्तराखालची ती ओळ मी अजूनही लिहिते. या वेळी पहिल्यांदाच ती मोठ्याने वाचून दाखवली.