बिनानवरदेवाचा परण्या

मित्रांनो, आज लई जळलोय. खोटं कशाला बोलू?

आमच्या गावच्या दवाखान्याला डॉक्टर द्या म्हणून मी लोहाऱ्यात तहसीलसमोर किती भाषणं ठोकली! ऐकायला कोण? चहावाला आणि जीपची वाट बघणारे.

आज सकाळी गावातल्या लग्नाच्या बँडनं तिथंच परण्या काढला. नवरदेवाला मिरवतात तसा, वाजतगाजत. घोडा सजवलेला, पण वर कुणीच न्हाय. खोगिरावर नुसता डॉक्टरचा पांढरा कोट.

बाजाराला आलेल्या बाया थांबल्या. "अगं बाई, नवरदेव कुठंय?" एकीनं कोट बघितला आणि ओरडली, "डॉक्टर कुठंय?" मग सगळा रस्ताच ओरडायला लागला. तहसीलदार साहेब स्वतः खाली आले. माझ्या वेळी खिडकीसुद्धा उघडली नव्हती.

घरी आलो. माझ्या एकाही भाषणाला न आलेली आई शेजारणीला सांगत होती, "बँडमास्तर काय बोलला गं! काळजाला लागलं."

अहो, त्याच्या तोंडात सगळा वेळ क्लॅरिनेट होती! एक शब्द बोलला न्हाय तो!

तुमच्यापैकी कुणाला माझ्या भाषणातली एक तरी ओळ आठवते का? आठवत असेल तर खाली लिहा. आईला दाखवायचीय.