भिंतीतला पाइप आणि मामाची हार्ड डिस्क

माझ्या मामाला सगळे नकाशेमामा म्हणतात. तीस वर्षं एका ऑफिसात बसून त्याने घरांच्या पाण्याच्या पाइपांचे नकाशे काढले आणि रिटायर होताना सगळे एका हार्ड डिस्कमध्ये भरून घरी आणले. डिस्क विटेएवढी जड. आणि तिला वायर कुठली? फायरवायर! आता ते भोक कुठल्या कॉम्प्युटरला असतं, सांगा ना! वर्षभर बोंबलतेय मी, मामा, सगळं नव्या डिस्कवर टाक. तर म्हणे, "चाललंय ना? मग हात कशाला लावायचा?"

आणि मंगळवारी आमच्या स्वयंपाकघराची भिंत पाझरायला लागली. आमच्या घराच्या पाइपांचा नकाशा मामानेच काढलेला. प्लंबर चारला येणार, आणि पाइप नेमका कुठून गेलाय ते कळलं नाही तर अख्खी भिंत फोडणार, नव्या टाइल्ससकट. कागदावरचा नकाशा? तो आईने कपाटाच्या कप्प्यात अंथरला होता, मग कळकट झाला म्हणून फेकून दिला.

"त्यावर माझी सही होती गं," मामा म्हणाला.

"दादा, डब्यांखाली सही कोण बघतं?" आई म्हणाली.

मग काय, आम्ही दोघं वरच्या मजल्यावर, मामाच्या खोलीत. आधी माझा लॅपटॉप. दुकानदाराने "शंभर टक्के चालेल" म्हणून दिलेला कन्व्हर्टर लावला. ढिम्म! लॅपटॉपला डिस्क दिसेचना. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, "ताई, डिस्कच जुनी आहे." अरे, जुनी आहे म्हणूनच तर घेतला ना कन्व्हर्टर! वाजले तीन.

राहिला मामाचा जुना कॉम्प्युटर. त्याच्यात फायरवायरचं कार्ड आहे. मामाला जवळचं नीट दिसत नाही, म्हणून मामीने प्लगला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून दिलाय. ठिपका वर धरायचा, टेबलाखाली हात घालायचा, आणि न बघता खुपसायचं. इतकी वर्षं असंच.

पण मागच्या आठवड्यात तिथला केर मी काढला होता. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचा एक पाय तुटलेला, सारखं डुगडुगायचं, म्हणून मी ते उलटं टेकवून ठेवलं. डोक्यावर. आणि सांगायचं विसरले.

मामाने ठिपका वर धरला. जाईना.

"घट्ट झालंय गं."

"अरे जोर लाव ना, साडेतीन झाले!" मी म्हणाले. मीच म्हणाले!

त्याने जोर लावला. कट्ट आवाज आला, जळका वास आला, डिस्कचा दिवा गेला.

मी वाकून बघितलं, प्लग उलटा घुसला होता, आणि मी रडायलाच लागले. "मामा, मी उलटं ठेवलं होतं रे!"

त्याने प्लग बाहेर काढला, ठिपक्यावरून अंगठा फिरवला. नुसता ओरडला असता तरी चाललं असतं.

चारला प्लंबर आला. "काका, नकाशा?"

"नाही."

"आठवतंय का काही?"

"चारशे घरं काढलीत हो. अंदाज सांगणार नाही मी."

मग प्लंबरनेच अंदाज घेतला. पहिलं भोक, विटा. दुसरं भोक, विटा. प्रत्येक घावाला मामा डोळे मिटत होता आणि आई टाइल्सचे तुकडे वेचत माझ्याकडे बघत होती. तिसऱ्याला पाइप सापडला. प्लंबरने गळका जोड बदलला, आणि सिमेंट कालवायला घेतलं.

"थांबा," मामा म्हणाला. वर जाऊन टेप घेऊन आला. खिडकीच्या चौकटीपासून पाइपापर्यंत मोजलं. "लिही."

मी नाक पुसत लिहिलं. तर हा दुसऱ्या भोकाला टेप लावतोय!

"मामा, तिथे काहीच नाहीये!"

"तेच लिही. पुढचा फोडायला येईल त्याला कळायला नको, कुठे पाइप नाही ते?" आणि माझ्या वहीत डोकावून, "सेंटिमीटर काय लिहितेस? मिलिमीटर."