उभं राहायचं तिकीट

मी कोल्हापूरची. फुटबॉल बसूनही बघतात, हे मला लग्नानंतर कळलं. आमचे हे पुण्याचे, बँकेतले. गोल झाला तरी मांडीवरची पाण्याची बाटली सावरत चार टाळ्या वाजवणार, तेवढंच. बहरीनला आलो, ईसा टाउनात घर घेतलं आणि थंडीत मॅचला जाणं हा आमच्या दोघांचा एकुलता एक सामायिक शौक झाला. त्यातही भांडण ठरलेलंच.

चेंडू गोलजवळ आला की मी ताडकन उठायची. मागून ओरडा व्हायचा, "सिट, सिस्टर, सिट!" आणि शेजारून ह्यांची कुजबूज, "अगं बस ना, लोक बघतायत." एकदा मी भडकून म्हटलं, "आरती बसून म्हणतात व्हय?" मागच्यांना मराठी कळलं नाही, पण आवाज कळला. परतताना गाडीत हे म्हणाले, "तुझ्याबरोबर यायची मला लाज वाटते."

ते फार लागलं. त्यानंतर मी मैदानात पाऊल टाकलं नाही. मॅच टीव्हीवर बघितल्या, तेही दिवाणखान्यात उभी राहून. हेही एकटे कधी गेले नाहीत, हे आता लक्षात येतंय.

गेल्या थंडीत मैदानातल्या एका गोलच्या मागे नवा भाग केला. प्रत्येक रांगेपुढे कमरेएवढा लोखंडी कठडा, खुर्च्या दुमडून ठेवलेल्या, आणि सगळ्यांनी उभंच राहायचं. मी हरखलेच! लगेच दोन तिकिटं काढली. हे म्हणाले, "मी बसूनच बघणार," आणि त्यांनी स्वतःचं खुर्चीचं तिकीट काढलं. स्वभावाला औषध नसतं, ह्यांच्याही आणि माझ्याही. एका गाडीतून गेलो आणि दोन वेगळ्या फाटकांतून आत शिरलो.

"दीदी, पाइप पकड़ के खड़े रहना, धक्का नहीं लगेगा," फाटकावरच्या रखवालदारानं सांगितलं. खरंच लागला नाही. मागची रांग कितीही उसळली तरी मध्ये कठडा होता. उजवीकडे जवळच्याच जिदहफ्स गावची एक बाई आपल्या मुलींना घेऊन आली होती. ती अरबीत "यल्ला! यल्ला!" म्हणजे चला चला ओरडायची, मी "हाण की!" ओरडायची. ढोल वाजत होता, घसा बसला, काय सुख होतं म्हणून सांगू! फक्त चेंडू खांबाला लागून परतला की मी सवयीनं डावीकडे वळून म्हणायची, "बघितलंत?" डावीकडे कोणी नव्हतं. मला ह्यांची भयंकर आठवण आली. दीडशे पावलांवर बसलेल्या माणसाची!

शेवटी आमच्या संघानं गोल केला. नाचता नाचता मी बाजूच्या स्टँडकडे पाहिलं. तिथले लोक टाळ्या वाजवून पुन्हा बसत होते. एकच निळा शर्ट उभा होता, दोन्ही हात वर करून, तोंड माझ्याकडे. आणि मागचा माणूस तो शर्ट धरून खाली ओढत होता.

माझा फोन वाजला.

"अगं, दिसलीस! काय नाचतेस! हा मागचा बस बस करून जीव खातोय माझा."

"मग बसा की."

"नाही बसणार! ते दुसरं तिकीट टाकून नाही ना दिलंस?"

"पर्समध्येच आहे," मी म्हटलं. "यल्ला, या लवकर. मी फाटकावर येते."