गुरुवारचं दुकान

किराणा दुकानात दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी साचतातच. एक धूळ, दुसरे किस्से. मी पॉलिटेक्निक दुसऱ्या वर्षात सोडून गावात आलो. तेव्हापासून सोनपेठच्या बाजारातून ह्या दुकानाचा माल मीच आणतो, त्यामुळे दोन्ही माझ्याच अंगावर. मोठी माणसं म्हणतात, पोरगं शिकलं न्हाई. बरोबर आहे. पण जे शिकलो ते त्यांच्याकडूनच शिकलो!

*

दुकान आधी एका शेठचं होतं. शेठ पोराकडे पुण्याला गेला आणि कुलूप लागलं. ओढ्याला पाणी आलं की आमच्याकडे एसटी येत नाही. त्या पावसाळ्यात गावात चार दिवस मीठ नव्हतं. मग म्हातारी मंडळी पारावर जमली. दुकान गावानंच चालवायचं, हे पाच मिनिटांत ठरलं. पुढचे दोन तास चर्चा कशावर? दुकानाला नाव कुणाचं द्यायचं!

आप्पा म्हणजे माझे सख्खे चुलते, दुकानाच्या कमिटीचे अध्यक्ष. म्हणाले, "माझ्या वडलांचं द्या."

दुसरा म्हातारा उसळला, "मग माझ्या वडलांनी काय घोडं मारलं?"

मागून वंदनाताई बोलली. बौद्धवाड्यातली, बारावी पास, मजुरीला जाणारी. "नाव निवांत ठेवा. आधी मीठ आणा!"

दुसऱ्या दिवशी मांडीभर पाण्यातून मिठाचं पोतं तिनं आणि तिच्या भावानं आणलं. म्हातारे अजून नावावरच आहेत. दुकानाला आजही पाटी नाही.

*

दुकानात बसायला सात घरं तयार झाली. आठवड्यातला एकेक वार एकेका घराचा. चिठ्ठ्या टाकल्या, वंदनाताईला गुरुवार आला. पहिल्या गुरुवारी ती इस्त्रीची साडी नेसून आली. म्हणाली, "आजपर्यंत दुकान बाहेरूनच बघितलं रे. आज आतून बघायलेय."

दुपारपर्यंत एक गिऱ्हाईक फिरकलं नाही. मी आप्पांना गाठलं.

"आप्पा, साखर न्यायची न्हाई का?"

"उपास हाय."

"तुमचा उपास एकादशीला असतो ना?"

"गुरुवार बी धरलाय."

"मग साबुदाणा?"

"कालच आणलाय!"

महिन्याभरात अर्ध्या गावानं गुरुवार धरला. एवढी भक्ती सप्त्यालाही दिसली नव्हती!

*

ताईचा हात वजनाला पक्का. म्हणून अख्ख्या आठवड्याचे डाळ-साखरेचे पुडे तीच भरते. हे कमिटीला माहीत होतं, गावाला नव्हतं.

एका गुरुवारी एक काकू नाइलाजानं आल्या. घरी पाहुणे होते. पायरीखालूनच म्हणाल्या, "वंदने, कंपनीचं सीलबंद काय असंल तेच दे. सुटं नको."

ताई हसली. "काकू, तुमी शुक्रवारी नेता ते शेंगदाणे बी मीच निवडते, मीच भरते."

 काकू कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अगं बाई, मग सांगितलंस कशाला!"

*

आप्पांकडे तीन वर्षांपासून मोठा मोबाईल होता. त्यावर ते फक्त भजनं ऐकायचे. मी शंभरदा म्हणालो, स्कॅन करायला शिका. "ह्या वयात डोक्यात घुसत न्हाई रे."

मग एका गुरुवारी त्यांना चहापत्ती लागलीच. सुटे पैसे ताईच्या हातून परत घ्यावे लागतील, हे ध्यानात आलं. दहा मिनिटांत शिकले!

मी बापाला म्हणालो, "बघा, शिवायचं नसलं की म्हातारं माणूस किती पटकन शिकतं."

बाप म्हणाला, "तू एवढ्या पटकन शिकला असतास तर नोकरीला असतास."

*

आणि मग ती मीटिंग. विषय एकच: गुरुवारी विक्री होत नाही, म्हणून गुरुवारी साप्ताहिक सुट्टी.

ताई उभी राहिली. "विक्री मी बंद केली का तुमी? घरटी एक दिवस ठरला होता. मला माझा दिवस पाहिजे. गुरुवार नको तर सोमवार द्या."

आप्पा म्हणाले, "सोमवारी लोकाला महादेवाचा उपास असतो."

"मग मला असा एक वार सांगा, ज्या दिवशी हे गाव जेवतं!"

 ताई सोडून सगळ्यांचे हात ठरावासाठी वर गेले, माझ्या बापाचाही. मी मेंबर नव्हतो, दारातून ओरडलो. दारातून ओरडलेलं कुणी लिहून घेत नाही.

तेवढ्यात कुणाला तरी आठवलं, पुडे कोण भरणार? लगेच ठराव दुरुस्त झाला. गुरुवारी दुकान बंद, पण वंदनानं दार लावून आत पुडे भरावेत!

*

मला वाटलं, ती येणार नाही. पहिल्या सुट्टीच्या गुरुवारी माल उतरवायला गेलो तर ती आत पुडे भरायलेली. "कशाला आलीस?" म्हणालो. म्हणाली, "आज आले न्हाई तर दिवस कायमचा गेला."

भर उन्हाळ्याची दुपार. अचानक दारावर धपाधप. उघडलं तर आप्पा, अनवाणी, खांद्यावर तीन वर्षांची नात. सकाळपासून उलट्या-जुलाब. पोरीची मान लोंबत होती, ओठ कोरडे पडले होते. दवाखान्याला न्यायला जीप सांगितली होती, पण ती सोनपेठहून यायची होती.

 पाजू का, हेही ताईनं विचारलं नाही. ओआरएसची पुडी फाडली, घरून आणलेल्या कळशीतलं पाणी घेऊन कालवली, पोरगी मांडीवर घेतली आणि चमचा-चमचा पाजायला लागली. पहिले दोन चमचे गळून गेले. तिसरा गिळला. अर्ध्या तासानं पोरीनं डोळे उघडले आणि ताईचा पदर मुठीत धरला.

जीप आली. आप्पांनी ती मूठ सोडवली. नातीला उचललं, दारापर्यंत गेले, तिथं थांबले. रस्त्यावर दोन्हीकडे बघून घेतलं. मग मागं वळून, आवाज खाली आणून म्हणाले, "हे बाहेर बोलू नका. आज दुकान बंद हाय."

ताई कळशीवर झाकण ठेवायली होती.

"बंदच हाय, आप्पा. पाणी माझ्या घरचं होतं."