यंदाचे चोंगे

आई गेली तेव्हा माझ्या मनात देव उरला नव्हता. आजारपणात तिने अंबाबाईपासून घरासमोरच्या पिरापर्यंत सगळ्यांना हाका मारल्या. दुखणं मात्र शेवटपर्यंत तिला पिळत राहिलं. दवाखान्यातून घरी आलो की मी देव्हाऱ्याकडे पाठ करून जेवायचो. राग काढायला दुसरं कुणी नव्हतंच. लहानपणी मी तापाने फणफणलो होतो, तेव्हा आईने आमच्या उचगावातल्या त्याच पिराला नवस बोलला होता. तेव्हापासून दर मोहरमला गुळाच्या पाण्यात कणीक मळून ती चोंगे तळायची, पिराला नेऊन द्यायची आणि संध्याकाळी त्याच हातांनी तुळशीपुढे दिवा लावायची. गेली त्या वर्षी मोहरमला ती दवाखान्यात होती.

दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. गेलेल्या माणसाची इच्छा अडकली की असं होतं, असं आमच्याकडे मानतात. कावळे समोरच्या भिंतीवर बसून होते, पण खाली एकही उतरत नव्हता. भावकी एकेक करून आईला शब्द देऊ लागली. थोरले काका माझ्या पाठीशी येऊन म्हणाले, "म्हण की, रोज देवपूजा करतो म्हण. त्याबिगर ती जायाची न्हाय."

कावळ्यावर माझा विश्वास नव्हता, तरी त्या पिंडापुढे आईशी खोटं बोलायला जीभ वळत नव्हती. आणि न बोलावं, तर ती खरंच कुठेतरी ताटकळत असली तर? ऊन चढलं. शेवटी भटजी दर्भाचा कावळा करायला बसले.

पिराची सेवा करणारे दस्तगीरमामा सकाळपासून वरच्या पायरीवर उभे होते. आईला ते आक्का म्हणायचे. आपण या विधीत पुढे यावं की नाही, या संकोचात होते बहुतेक. ते चपला काढून खाली आले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "जमंल त्येवढंच बोल, पोरा. आक्काला खोटं नगं. तिचं यंदाचं चोंगं तेवढं ऱ्हायल्यात."

"आई," मी म्हणालो, "देवाचं काय मला जमत न्हाय. पर चोंगं मी नेऊन दीन."

आम्ही मागे सरलो. एक कावळा उतरला आणि त्याने पिंडाला चोच लावली. तो भुकेला असेल, किंवा माणसं दूर झाली म्हणून आला असेल. मी कुणाशी वाद घालत नाही. त्या दिवशी मी मामांच्या खांद्यावर डोकं टेकून पोटभर रडलो, एवढं खरं.

पुढच्या मोहरमला मी स्वतः चोंगे केले. कडक झाले. पिराकडे नेले, तेव्हा मामांनी एक मोडून पाहिला. "आक्काचं मऊ असायचं," ते म्हणाले. मग आईचं नाव घेऊन ते फातिहा पढायला बसले. "तुझ्यासाठी काय मागू?"

"काय नगं, मामा. माझा इस्वास न्हाय अजून."

"मग नुसता हुबा ऱ्हा. ते बी चालतंय."

घर आईवाचून अजून भकास आहे. बायको देव्हाऱ्यात दिवा लावते आणि मी आता पाठ करून जेवत नाही. याहून जास्त काही बदललं, असं म्हणवत नाही. पण ज्या माणसाने माझा अविश्वासही आपल्या दारात उभा राहू दिला, त्याचे उपकार मी कसे विसरू? त्या दिवशी मागायला काहीच नव्हतं, तरी माझे हात आपोआप जोडले गेले, आणि मामांचं पढणं संपेपर्यंत मी ते खाली घेतले नाहीत.